वाढत्या मेंदूसाठी आपले दान



मूल सकाळी उठताच वारंवार ‘डोके दुखते’ म्हणत असेल, ओकत असेल, चालताना त्याचा तोल जात असेल, तर ‘पित्त असेल’ म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. क्वचित मेंदूत गाठ असू शकते.

किरणोपचाराने गाठ आटोक्यात येते, पण वाढत्या मेंदूलाही इजा होऊ शकते. पुढे अभ्यास जड जातो. ही इजा कशी टाळावी, हे संशोधनातूनच कळते. खारघरच्या टाटा स्मारक केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन किरणोपचार मिळतात. त्यात निरोगी भागाला कमी किरण लागतात. त्याचा खरा लाभ समजायला मात्र ही मुले वर्षानुवर्षे तपासावी लागतात. त्यासाठी पैसा लागतो.

१५ फेब्रुवारी हा जागतिक बालकर्करोग दिन. त्या दिवशी वर्सोव्यातील प्रत्येक घराने थोडे दान बाजूला काढावे आणि ही लक्षणे शेजारच्या एका आईला सांगावीत.