पडद्यावरचे राज्य : पहिला डाव कसा मांडावा

बुद्धिबळ आपल्या भागाला नवे नाही. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केले. सांगलीच्याच भाग्यश्री साठे, म्हणजे लग्नानंतरच्या भाग्यश्री ठिपसे, यांनी पाच वेळा देशाचे महिला विजेतेपद मिळवले. १९८७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यामुळे प्यादे, उंट, हत्ती, वजीर ही नावे सांगली-मिरजेच्या पोरासोरांनाही पाठ असतात.

बुद्धिबळात एक शिस्त आहे. एकाने चाल करायची, तोवर दुसऱ्याने थांबायचे. विचार करायला उसंत मिळते. आज आपण ज्या खेळाचा धडा घेणार आहोत, त्यात ही उसंत नाही. तो संगणकावरचा लढाईचा खेळ आहे. त्यात पाळी नसते. तुम्ही विचार करीत बसलात, तरी समोरचा आपले काम करीतच राहतो. पेरणीच्या दिवसांत आपण बांधावर बसून राहिलो, म्हणून शेजारी काही पाभर थांबवत नाही. तसेच हे आहे.

१९९२ साली ‘ड्यून’ नावाच्या खेळाचा दुसरा भाग निघाला. त्याने या प्रकारच्या खेळांची घडी बसवून दिली. पुढे १९९९ साली ‘एज ऑफ एम्पायर्स’ या खेळाचा दुसरा भाग आला. २०१९ साली तो नव्या रूपात निघाला आणि आजही खेळला जातो. २०२२ साली त्यात भारतातल्या राज्यांची भर पडली. गुर्जर, द्रविड आणि बंगाली अशी राज्ये त्यात आली. आपण उदाहरणासाठी हाच खेळ घेऊ.

कोणी विचारील, “आमचे वय झाले. आता हा पोरखेळ शिकून काय करायचे?” त्याचे उत्तर आम्ही पुढे देऊ. आधी खेळ समजून घेऊ.

पडद्यावर काय दिसते?

खेळ सुरू झाला की पडद्यावर थोडीशी जमीन दिसते. बाकी सगळा काळोख. मधोमध एक मोठी इमारत असते. तिला आपण गावची चावडी म्हणू. चावडीजवळ तीन कामकरी उभे असतात आणि एक घोडेस्वार असतो. हा स्वार लढायला नसतो. तो हेर आहे. जवळपास चार मेंढ्या असतात, थोडी झाडे असतात, फळांची झुडपे असतात.

पडद्याच्या कडेला चार आकडे दिसतात. हे तुमचे भांडार. नेहमीच्या डावात सुरुवातीला लाकूड २००, धान्य २००, सोने १०० आणि दगड २०० असतात. खेळाची भाषा बहुधा इंग्रजी असते. पण प्रत्येक आकड्याशेजारी चित्र असते. ज्याला आकडे वाचता येतात, त्याचे निम्मे काम झालेच.

हात कसा चालवायचा? माऊसला दोन बटणे असतात. डाव्या बटणाने माणूस निवडायचा. उजव्या बटणाने त्याला काम सांगायचे. कामकऱ्यावर डावी टिचकी मारा, मग झाडावर उजवी टिचकी मारा. तो चालत जाईल आणि लाकूड तोडू लागेल. सगळा खेळ या दोन टिचक्यांवर उभा आहे. पहिल्या दिवशी एवढेच करा. माणूस निवडा, काम सांगा. हात बसला की पुढे जा.

पहिली पाच मिनिटे

पहिला नियम : चावडी रिकामी ठेवू नका. चावडीतून नवे कामकरी तयार होतात. एका कामकऱ्याला ५० धान्य लागते आणि २५ सेकंद लागतात. सुरुवातीच्या २०० धान्यात किती कामकरी होतील? चार. ते तयार होईपर्यंत मेंढ्यांपासून आणखी धान्य मिळवायचे. एका मेंढीमागे १०० धान्य मिळते. अशा रीतीने खाणारे वाढतात, तसे मिळवणारेही वाढतात.

दुसरा नियम : घर आधी, माणूस मागून. चावडीत पाचच माणसांची सोय असते. तीन कामकरी आणि एक स्वार मिळून चार झाले. म्हणजे एकाचीच जागा उरली. म्हणून डाव सुरू होताच दोघांना घर बांधायला लावा. एका घराला २५ लाकूड लागते आणि पाच माणसांची सोय होते. घर नसेल तर भांडार भरलेले असूनही नवा माणूस येत नाही. नवशिक्यांचे हात इथेच अडकतात.

तिसरा नियम : हेराला बसवू नका. काळोखात काय दडले आहे, हे तोच दाखवतो. आधी चावडीभोवती फेरी मारा, मग मोठी फेरी मारा. वाटेत आणखी मेंढ्या सापडतात. सोन्याची आणि दगडाची खाण कुठे आहे ते कळते. शत्रूचे गाव कोणत्या दिशेला आहे तेही कळते.

चौथा नियम : साठवून ठेवू नका. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीतली पेवे होती. त्यांत हळद मुरायची, टिकायची, आणि भाव आला की बाहेर काढायची. या खेळातल्या भांडाराला तसा भाव येत नाही. पडून राहिलेले धान्य म्हणजे न झालेला कामकरी. आकडे फार वाढलेले दिसले की समजावे, आपण काहीतरी करायचे विसरलो आहोत.

गाव वाढले की ५०० धान्य देऊन पुढच्या युगात जाता येते. मग नवी हत्यारे, नव्या इमारती मिळतात. फौजेचाही एक हिशेब आहे. भालेवाला घोडेस्वाराला भारी. घोडेस्वार तिरंदाजाला भारी. तिरंदाज भालेवाल्याला भारी. म्हणून एकाच जातीची फौज करू नये. शत्रू काय करतो आहे ते हेराकडून पाहावे, मग ठरवावे.

पहिल्या पाच-दहा डावांत संगणकालाच प्रतिस्पर्धी करा आणि सर्वांत सोपी पायरी निवडा. शिकाऊंसाठी स्कॉटलंडच्या विल्यम वॉलेसची मोहीम दिलेली आहे. ती एकेक गोष्ट शिकवत जाते. हरलात तर घाबरू नका. खेळात हरल्याने कोणाचे शेत जप्त होत नाही.

खरा गड आणि खोटा गड

या खेळातला हिशेब आपल्या मातीत खरोखर घडलेला आहे. साताऱ्याचा अजिंक्यतारा रोज डोळ्यांसमोर असतो. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेबाने या गडाला वेढा घातला. प्रयागजी प्रभू हे किल्लेदार होते. समोर बादशाही फौज, अफाट खजिना. तरी गड एप्रिल १७०० पर्यंत लढला. मार्चमध्ये छत्रपती राजाराम महाराज सिंहगडावर वारले. एप्रिलमध्ये मोगलांनी सुरुंग लावले. एक सुरुंग उलटला. तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि मोगलांचीच शेकडो माणसे त्याखाली दबून मेली. शेवटी बोलणी होऊन गड मोगलांच्या हाती गेला. त्यांनी त्याचे नाव आझमतारा ठेवले. पण पुढे काही वर्षांत तो मराठ्यांकडे परत आला आणि १७०८ साली साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला.

यातून खेळणाऱ्याने काय घ्यावे? गड नुसत्या तलवारीने टिकत नाही. आत दाणा हवा, पाणी हवे, बाहेरची बातमी हवी. आणि एक गड गेला म्हणजे राज्य गेले असे नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खेळात झाड कोणाचेच नसते. दिसले की तोडावे, आकडा वाढतो. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘आज्ञापत्र’ लिहिले. त्यात आरमारासाठी लाकूड कसे आणावे, हेही सांगितले आहे. रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत. एखादे झाड जुने होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, त्याला पैसे देऊन मग तोडावे, असा त्याचा भावार्थ आहे. खेळातल्या राज्यात रयत नसते, नुसते कामकरी असतात. खऱ्या राज्यात रयत असते. हा फरक पोरांना कोणी सांगायचा? तो संगणक सांगत नाही.

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. घरोघरी सैनिक, म्हणून त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले. गावात त्यांचे स्मारक आहे. पडद्यावर ४६ भालेवाले पडले, तर खेळणारा म्हणतो, “जाऊ दे, नवे करू.” अपशिंग्यात ४६ घरांना तसे म्हणता आले नाही. खेळ जरूर खेळावा. पण ज्या जिल्ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या पोरे फौजेत जातात, तिथल्या पोराला हा फरक ठाऊक असलाच पाहिजे.

आता मघाच्या प्रश्नाचे उत्तर

घराघरांतून असे बोलणे ऐकू येते :

“आरं, बंद कर ते. जेवाय ये.”

“थांब की आज्जा, लढाई चाललीया.”

“कसली लढाई? तासभर झाला, डोळं फोडून घेतोयस.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

हे शेवटचे वाक्य लागते. ते खरे असते म्हणून जास्त लागते. ज्याला खेळातले काही कळत नाही, त्याच्या हातात एकच शब्द उरतो : “बंद कर.” तो शब्द पोरे ऐकत नाहीत. ज्याला कळते, त्याला पुष्कळ बोलता येते.

त्याला ठाऊक असते की पोरगा एकटा संगणकाशी खेळत असेल, तर डाव मध्येच थांबवता येतो आणि जतन करून उद्या पुढे चालवता येतो. तेव्हा “थांबता येत नाही” ही सबब चालत नाही. पण इंटरनेटवर दुसऱ्या माणसाशी डाव लागला असेल, तर आपल्या मनाने उठून जाता येत नाही, उठले तर डाव हरतो. असा डाव अर्धा तास ते तासभर चालू शकतो. मग जेवणाच्या आधी दहा मिनिटे नवा डाव सुरू करू द्यायचा नाही, एवढे ठरवले की भांडण मिटते. समोरचा अनोळखी माणूस कोण आहे, तो काय लिहितो आहे, हेही पाहता येते. काही खेळांत पैसे मागतात. तिथे घरच्या माणसाला विचारल्याशिवाय बटण दाबायचे नाही, हा नियम आधीच घालता येतो.

म्हणून आम्ही म्हणतो, नातवाच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. त्याला म्हणा, “मला शिकव.” तो हसेल. मग शिकवील. तुम्ही आकडे वाचा. “धान्य किती उरलं? घर बांधलंस का? हेर कुठाय?” असे विचारा. तो इंग्रजी शब्द सांगेल, तुम्ही त्याला अजिंक्यताऱ्याचा वेढा सांगा. त्याच्याजवळ नसलेले तुमच्याजवळ आहे, तुमच्याजवळ नसलेले त्याच्याजवळ आहे. आपण अक्षरे शिकलो ती नुसती सही करण्यासाठी नव्हे. घरात जे नवे येते ते आपल्यालाही वाचता यावे, यासाठी शिकलो.

अभ्यास

१. भांडारात २०० धान्य आहे. एका कामकऱ्याला ५० धान्य लागते. चार कामकरी तयार व्हायला एकूण किती सेकंद लागतील?

२. चावडीत ५ माणसांची सोय आहे. एका घरात ५ माणसे राहतात. २० माणसांचे गाव करायचे आहे. किती घरे बांधावी लागतील? त्यांना किती लाकूड लागेल?

३. हे शब्द मोठ्याने वाचा व वहीत लिहा : संगणक, माऊस, टिचकी, भांडार, कामकरी, हेर, वेढा, सुरुंग, रयत.

४. खेळातले झाड आणि रयतेचे झाड यांत काय फरक आहे? चार ओळी लिहा.

५. तुमच्या घरात खेळाची वेळ कोणी ठरवली आहे? ठरवली नसेल, तर आज सर्वांनी बसून ठरवा. ठरलेली वेळ कागदावर लिहून संगणकाजवळ लावा. अक्षर तुमचे असावे.