बँकेची नोकरी आणि सत्याणुव्रत

घरातील पदवीधर मुलाने वा मुलीने बँकेच्या नोकरीचा विषय काढला की आपल्यांतील पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडतात. पेढी सोडून परक्याची चाकरी कशाला, असे त्यांना वाटते. परंतु ठेव सांभाळणे, ऐपत पारखून कर्ज देणे व हिशेब चोख ठेवणे ही आपल्या पेढीचीच विद्या होय.

स्टेट बँक आपली परीक्षा स्वतंत्रपणे घेते; इतर राष्ट्रीयीकृत बँकांसाठी २०११ पासून आयबीपीएस ही संस्था सामाईक परीक्षा घेत आली आहे. पदवी कोणत्याही शाखेची चालते. सर्वसाधारण वयोमर्यादा लिपिकास २० ते २८ व अधिकाऱ्यास २० ते ३० वर्षे आहे. उत्तर चुकल्यास त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापला जातो. म्हणून अंदाजाचा सौदा येथे करू नये. लिपिकास त्या राज्याची राजभाषा लिहिता, वाचता व बोलता यावी लागते. बेळगावकडील मुलांनी कन्नडचा अभ्यास यासाठीच टाळू नये. अधिकाऱ्याने दूरच्या बदलीची तयारी ठेवावी.

येथवर बुद्धीची परीक्षा झाली. खरी कसोटी नोकरी लागल्यावर सुरू होते. आमच्या पेढीवरील एका वृद्ध हमालाने मुदत ठेवीसाठी म्हणून बँकेत रक्कम नेली. परतताना त्याच्या हाती विम्याची पॉलिसी होती. दुसऱ्या वर्षी हप्त्याची मागणी आली, तेव्हा कोठे त्यास हे कळले. सही घेणारा तरुण दुष्ट नव्हता. त्यास महिन्याचे उद्दिष्ट गाठावयाचे होते.

आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. ते जणू बँकेच्या कामासाठीच सांगितले असावेत. हमालास मिळालेला सल्ला हा मिथ्योपदेश. एकांतातील गोष्ट फोडणे हे रहोभ्याख्यान, आणि हावभावावरून ओळखलेला हेतू उघड करणे हा साकारमंत्रभेद. ग्राहकाचे खाते या दोहोंपासून जपावयाचे असते. खोटा कागद करणे ही कूटलेखक्रिया. ठेव ठेवणारा विसरून कमी मागू लागला असता ‘इतकीच होती’ म्हणून देणे हा न्यासापहार. दहा वर्षे व्यवहार वा मागणी न झालेली ठेव आज रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, तरी मालकाचा वा वारसाचा हक्क बुडत नाही. त्या वारसास शोधून काढणारा कर्मचारी व्रतच पाळीत असतो.

मात्र हा धडा केवळ मुलांसाठी नाही. कॅश क्रेडिटसाठी गोदामातील मालाचे फुगविलेले पत्रक बँकेकडे धाडणारा व्यापारीही कूटलेखक्रियाच करतो. आणि मुलगी सायंकाळी बँकेतून घरी आल्यावर ‘अमक्याच्या खात्यात किती शिल्लक आहे?’ असे आपणच विचारू लागलो, तर तिचे व्रत मोडणारे आपणच ठरू. हा प्रश्न ज्या घरात कधी विचारला जाणार नाही, त्या घराने आपले मूल बँकेत खुशाल पाठवावे.