कान कोरायचा नाही, कोरडा करायचा

लेक पोहायला शिकत होती. एका सकाळी टी-शर्ट डोक्यातून घालताना गळ्याची कड कानाला घासली आणि ती किंचाळलीच. आदल्या दिवशी नुसती खाज होती. सासूबाईंनी लगेच पळीत लसूण घालून तेल कोमट करायला ठेवलं. "दवाखान्यात जाऊन येतो, मग बघू," म्हणत ते कसंबसं थांबवलं.

डॉक्टरांनी कानाच्या भोकापुढचा तो छोटा टणक उंचवटा हलकेच दाबला. लेक कळवळली. सर्दीमुळे पडद्याच्या आतल्या बाजूचा कान दुखतो, तेव्हा एवढ्या दाबाने सहसा काही होत नाही. बाहेरची नळी सुजली की मात्र जीव जातो. ही खूण घरीही उपयोगी पडते. दुर्बिणीतून आत दिसलं ते ओल्या टीपकागदावर शाई शिंपडल्यासारखं, पांढरट लगद्यावर काळे ठिपके. बुरशी! अशा ओलीत तेल म्हणजे तिची मेजवानीच. कपाटातले जुने ड्रॉप्सही नकोत, कारण जंतूंवरच्या औषधाने बुरशी उलट फोफावते. डॉक्टरांनी मशिनने कान साफ केला आणि बुरशीवरचे थेंब लिहून दिले. थेंब घातल्यावर पाचेक मिनिटं कुशीवर पडून राहायचं. बरं होईपर्यंत पोहणं बंद, आणि न्हाताना व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी.

तलावाचं पाणीच खराब असणार, हा आमच्या घरचा निकाल. घाण पाण्याने धोका वाढतो हे खरंच. पण क्लोरीनच्या स्वच्छ पाण्यात पोहूनही हे होतं. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर. तिथला मळ थोडा आम्लधर्मी, चिकट. तोच पाणी आणि जंतू अडवतो. आपण इअरबड घालून ही राखण पुसतो, कातडी खरवडतो, उरलेला मळ आत ढकलतो. आमच्याकडे मुक्तिधाम मंदिराच्या परिसरात नाहीतर स्टेशनबाहेर रिक्षाची वाट बघत उभे राहा, कुणीतरी गाडीची किल्ली कानात फिरवताना दिसेलच.

आता पोहून आली की ती डोकं एका बाजूला कलवते आणि कानाची पाळी मागे-वर ओढते. पाणी आपसूक निघतं. टॉवेलने फक्त बाहेरून टिपायचं. ड्रायर लावायचा तर सर्वांत कमी उष्णतेवर, फूटभर अंतरावरून. कापूस घालून पोहण्यात अर्थ नाही, तो पाणी धरून ठेवतो. त्यापेक्षा सिलिकॉनचे प्लग बरे. स्पिरिट-व्हिनेगरचे थेंब काहीजण सांगतात. पडदा शाबूत आहे असं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते घालू नका.

दसकच्या घाटावर गोदावरीत बुडी मारणाऱ्यांनाही हेच लागू, आणि मधुमेह असेल तर दुप्पट. मधुमेहींमध्ये हा संसर्ग क्वचित हाडापर्यंत उतरतो. रात्रीची झोप उडवणारा ठणका, सतत वाहणारा कान, ताप किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.