‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर उठू नका

सासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या वर्षी माझ्या छातीत धडधड सुरू झाली. मध्यरात्री दचकून जाग यायची, तळहात घामाने ओले. ईसीजी, टू-डी एको, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, “टेन्शन घेऊ नका,” आणि झोपेसाठी अल्प्राझोलाम लिहून दिली. किती दिवस घ्यायची, बंद कशी करायची, याबद्दल अवाक्षर नाही. पुढे मेडिकलवाला जुन्याच चिठ्ठीवर गोळ्या देत राहिला. खरं तर हे औषध ‘शेड्यूल एच-१’मधलं, चिठ्ठीशिवाय विकायचं नाही आणि विक्रीची नोंद तीन वर्षं जपायची, असा नियम आहे.

एकदा माहेरी असताना गोळ्या संपल्या. तिथे मिळाल्या नाहीत. झोप पार उडाली, हात थरथरू लागले, धडधड आधीपेक्षा वाढली. आजारच बळावला असं घरात सगळ्यांना वाटलं. प्रत्यक्षात गोळी एकदम तुटल्याचा तो परिणाम होता. रोज घेतली की काही आठवड्यांतच शरीर तिला सरावतं. अचानक थांबवल्यावर काहींना फिटही येते. म्हणून अशी गोळी चालू असेल तर आज हे वाचून ती बंद करू नका. डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा.

नंतर भेटलेल्या डॉक्टरबाईंनी आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं, कारण त्यांच्या बिघाडानेही धडधडतं. मग सात प्रश्नांचा एक कागद भरायला दिला. गेल्या दोन आठवड्यांत काळजी, चिडचिड, अस्वस्थता किती वेळा, त्याला शून्य ते तीन गुण. दहा किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी करतात. आणि मग त्यांनी जे विचारलं ते मला कुणीच विचारलं नव्हतं: “रात्री सासूबाईंसाठी कोण उठतं?”

मीच उठत होते. त्यांनी यजमानांना आत बोलावलं आणि रात्री वाटून दिल्या. माझ्या मते हाच खरा उपचार होता. गोळी टप्प्याटप्प्याने उतरवली, दुपारनंतरचा चहा बंद केला, उठायची वेळ ठरवून दिली, श्वास सावकाश सोडायला शिकवलं, समुपदेशकाकडे पाठवलं.

तेव्हा दवाखान्यात जाताना झोपेच्या वेळा, चहा किती, घरात काय चाललंय, हे लिहून न्या. डॉक्टर घाईत असले तरी कागद वाचला जातो. गोळी दिली तर ती कधी थांबणार, हे तिथेच विचारा. छातीत दाब येऊन घाम फुटला किंवा दुखणं हाताकडे, जबड्याकडे सरकलं, तर ताण समजून घरी थांबू नका; थेट हॉस्पिटल गाठा. आणि मन मोकळं करायला जवळ कुणी नसेल तर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत आणि मराठीतून बोलता येतं.