नाबोथचा मळा आणि वसईच्या वाड्या



या रविवारी अभ्यासासाठी आपण राजांच्या पहिल्या पुस्तकातील एकविसावा अध्याय घेत आहोत. घरी बायबल असेल त्यांनी तो आधी वाचून घ्यावा. दहा मिनिटांचे काम आहे. नाबोथची गोष्ट आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकली, पण तेव्हा दुष्ट राजा आणि गरीब शेतकरी एवढेच लक्षात राहिले. मोठेपणी वाचताना त्यात बरेच काही सापडते.

पहिली गोष्ट म्हणजे अहाब राजाने मळा फुकट मागितला नव्हता. तो राजवाड्याला लागून होता आणि राजाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. त्याबदली याहून चांगला मळा देतो, नको असेल तर रोख किंमत देतो, असे तो म्हणाला. आजच्या भाषेत बाजारभाव मिळत होता. नाबोथ तरी नाही म्हणाला, कारण ती वाडवडिलांची जमीन होती. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात जमीन कायमची विकू नये, ती देवाची आहे आणि आपण तिथे पाहुणे आहोत, असा नियम आहे. आपल्या एकट्याच्या मर्जीने विकण्याजोगी ती वस्तू नाही, हे नाबोथला ठाऊक होते.

दुसरी गोष्ट कागदांची. राजा रुसून न जेवता झोपला, तेव्हा ईजबेल राणीने त्याच्या नावाने पत्रे लिहिली आणि त्यावर राजाची मोहर उमटवली. उपास जाहीर झाला, सभा भरली, दोन साक्षीदार उभे राहिले. सगळे कसे रीतसर! आणि हे घडवून आणले ते नाबोथच्याच गावातल्या वडीलधाऱ्यांनी. त्यांतल्या एकानेही पत्र परत पाठवले नाही. आम्हाला या अध्यायात राणीपेक्षा या गावकऱ्यांचीच जास्त भीती वाटते.

आता आपल्याच बाजूच्या वसईकडे वळू. अर्नाळ्यापासून नायगावपर्यंतच्या किनारपट्टीत केळीच्या बागा, पानवेली, फुलांचे आणि भाजीचे मळे पिढ्यान्‌पिढ्या होते. फुले आणि भाजी पहाटेच्या गाडीने दादरला जात. या वाड्या कशावर जगल्या, तर विहिरी आणि बावखले यांवर. बावखल म्हणजे वाडीत खणलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाळ्यात ते भरते, त्याचे पाणी हळूहळू जमिनीत मुरते आणि आसपासच्या विहिरींना झरे राहतात. समुद्र इतका जवळ असल्यामुळे गोडे पाणी बेसुमार उपसले की खारे पाणी आत सरकते, आणि विहीर एकदा खारी झाली की वाडी संपते. म्हणून तिथे मळा वाचवणे आणि पाणी वाचवणे ही दोन कामे कधीच वेगळी नव्हती.

१९८०च्या दशकात मुंबईतील जागा पुरेनाशी झाली आणि बांधकाम व्यावसायिकांची नजर वसईकडे वळली. टँकर विहिरींचे पाणी उपसून नेऊ लागले. १९८८ साली हरित पट्ट्यातील मोठे क्षेत्र बांधकामासाठी खुले करण्याचा निर्णय झाला. तेव्हा नंदाखालचे सुपुत्र आणि ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी लोकांना एकत्र केले आणि हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. काळ सोपा नव्हता. जमिनीच्या व्यवहारांत दहशत होती. १९८९ साली नालासोपारा रेल्वे स्थानकावर एका बांधकाम व्यावसायिकाचाच खून झाला होता. फादरांनी देवळात राहावे, नसत्या भानगडीत पडू नये, असे सांगणारे आपल्यातही होतेच. तरीही हजारो माणसे मोर्चात उतरली. त्यांत ख्रिस्ती होते तसे हिंदू आणि मुसलमानही होते.

हे आंदोलन जिंकले की हरले? प्रामाणिकपणे सांगायचे तर दोन्ही. १९९०मध्ये सिडकोकडे नियोजनाचे काम आले. पश्चिमेच्या वाड्यांचा बराचसा भाग दीर्घकाळ हिरवा राहिला, त्यामागे या लढ्याचा मोठा वाटा आहे. पण नालासोपारा, विरार आणि माणिकपूर वाढतच गेले. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. कितीतरी बावखले भराव घालून बुजवली गेली. जुलै २०१८मध्ये वसई-नालासोपाऱ्यात पाणी साचून रेल्वे बंद पडली, मिठागरातली कुटुंबे पाण्यात अडकली. पाणी मुरायला आणि साठायला जी जागा होती, तिथे आता भिंती होत्या. महानगर प्रदेशाच्या नव्या आराखड्याचा मसुदा २०१६मध्ये आला, तेव्हा वसईतून पुन्हा हजारोंनी हरकती दाखल झाल्या. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी प्रभूकडे गेले. लढा मात्र संपलेला नाही.

एक अवघड बाजूही सांगायला हवी. सगळ्याच वाड्या कुणी हिसकावून घेतल्या नाहीत, बऱ्याच मालकांनी स्वतः विकल्या. मुलीचे लग्न, आजारपण, भावाभावांतली वाटणी अशी कारणे असतात आणि त्यांची थट्टा करू नये. आणि त्या इमारतींत राहायला कोण आले? मुंबईत घर न परवडणारा गिरणी कामगार, शिपाई, रिक्षावाला. त्यालाही छप्पर हवेच. पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात खासगी मालकीचा हक्क मानला आहे, पण पृथ्वीचे दान सर्वांसाठी आहे हे त्याहून आधी ठेवले आहे. म्हणजे घरे बांधूच नयेत असा याचा अर्थ होत नाही. कुठे, किती, कुणाच्या पाण्यावर आणि कुणाला विचारून बांधायची, एवढेच वसईकर विचारत होते.

आपल्या कसाऱ्याला हे लागू पडते का? वसईसारखे समुद्राचे खारे पाणी आपल्याकडे नाही, पण तहान आहे. भातसा, तानसा, वैतरणा या धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात शहापूर तालुक्यातील पाड्यांवर टँकर येतो. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. रस्ता आला की त्यामागून जमिनीचे दलाल येतात. आपल्यापैकी कित्येकांच्या ओट्यावर ते चहा पिऊन गेले आहेत.

तेव्हा दोन गोष्टी नीट माहीत असाव्यात. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकता, गहाण टाकता किंवा भाडेपट्ट्याने देता येत नाही. दलाल साध्या कागदावर अंगठा मागतो तो म्हणूनच. दुसरे, १९९६च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील ग्रामसभेला जमीन परक्याच्या हाती जाऊ न देण्याचा अधिकार दिला आहे. पण ग्रामसभेला दहाच माणसे आली आणि बाकीच्यांनी घरी बसून सही केली, तर ईजबेलच्या पत्राप्रमाणे वागणाऱ्या त्या वडीलधाऱ्यांत आणि आपल्यात फरक काय?

चर्चेसाठी एक प्रश्न देतो: नाबोथच्या शेजाऱ्यांना पत्रातले खोटे कळले होते का, आणि कळले असेल तर ते गप्प का राहिले? येत्या रविवारी मिस्सानंतर अर्धा तास थांबावे. ज्यांच्याकडे सातबारा आहे त्यांनी सोबत आणावा, झेरॉक्स चालेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांचा उतारा आपल्यातली कॉलेजची मुले वाचून दाखवतील.