मन लागत नाही

गेल्या काही वर्षांत माझ्या दवाखान्यात येणाऱ्या कैफियतींमध्ये एक अशी आहे की, तिची नोंद कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात त्या नावाने सापडावयाची नाही, आणि तरीही ती सांगणाऱ्याच्या मुद्रेवरील म्लानता पाहिली म्हणजे तिच्या खरेपणाविषयी तिळमात्र संशय उरत नाही. छातीत दुखत नाही, धाप लागत नाही, ताप नाही, वजन घटलेले नाही. परंतु "डॉक्टरसाहेब, मन कशातच लागत नाही," एवढे बोलून रुग्ण गप्प बसतो. वीस वर्षांपूर्वी हे वाक्य मी बहुधा वार्धक्याने एकाकी झालेल्या अथवा शोकात बुडालेल्या माणसांच्या तोंडून ऐकत असे. आज तेच वाक्य चाळिशीतले कमावते पुरुष, नोकरी आणि संसार दोन्ही सांभाळणाऱ्या स्त्रिया, आणि बारावीच्या परीक्षेला बसलेली मुलेसुद्धा उच्चारतात. या खेपेचा सल्ला त्या वाक्याविषयी आहे.

त्यांपैकी एका गृहस्थांची हकीकत सांगतो. ओळख पटेल असा तपशील अर्थातच गाळला आहे. वय शेहेचाळीस, हुद्दा बरा, पगार चांगला. दोन खोल्यांची जुनी जागा विकून त्यांनी वीस वर्षांच्या मुदतीच्या कर्जावर प्रशस्त फ्लॅट घेतला होता, गाडी बदलली होती, मुलाला महागड्या शाळेत घातले होते. येताना त्यांनी तपासण्यांची जाड फाईल आणली होती. ईसीजी निर्दोष, थायरॉइड निर्दोष, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन, ब-१२ जीवनसत्त्व, सारे जेथल्या तेथे. त्या कागदांकडे बोट दाखवून ते म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे म्हणतात, मग मला असं का होतं?" आणि क्षणभर थांबून पुढे म्हणाले, "आता घ्यायचं तरी काय राहिलंय?" हा दुसरा प्रश्न त्यांनी सहज विचारला असावा; माझ्या लेखी मात्र निदानाचा धागा त्यातच होता.

आपल्या भाषेत 'लागणे' हे क्रियापद मोठे अर्थगर्भ आहे. भूक लागते, झोप लागते, गोडी लागते, लळा लागतो, तंद्री लागते. यांपैकी एकही गोष्ट कर्ता स्वतःच्या हुकुमाने घडवून आणू शकत नाही. अंथरुणावर पडणे आपल्या हाती असते, झोप लागणे नसते. मूल मांडीवर घेणे आपल्या हाती असते, त्याचा लळा लागणे सहवासाच्या हाती असते. मन लागणे हेही त्याच जातीचे. एखाद्या कामाच्या, माणसाच्या वा विद्येच्या सान्निध्यात मन पुरेसा काळ स्थिर राहू दिले, तर ते हळूहळू तेथे रुजते, आणि ते रुजल्यानंतर मागाहून ज्याला आपण जीवनाचा अर्थ म्हणतो तो प्रतीत होऊ लागतो. अर्थ आधी सापडतो आणि मग मन लागते, असे आपण समजतो; माझा आजवरचा अनुभव याच्या उलट आहे. व्यसनही 'लागते', हे मात्र विसरता कामा नये. रुजण्याची तीच शक्ती वाटेल तेथे रुजू शकते.

पुढे जाण्यापूर्वी एक वैद्यकीय बजावणी. मन न लागणे हे कधीकधी पंडुरोगाचे, थायरॉइडच्या मंदतेचे, निद्रेत श्वास अडखळण्याचे लक्षण असते, आणि कित्येकदा ते नैराश्य या खऱ्याखुऱ्या आजाराचे लक्षण असते. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासीनता दिवसचे दिवस टिकून असेल, भूक व झोप बिघडली असेल, स्वतःविषयी अपराधाची वा निरर्थकतेची भावना मूळ धरत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून वैद्यांकडे जावे. त्यावर औषध आहे, आणि ते घेण्यात कमीपणा नाही.

उपरोक्त गृहस्थांना तसे काही नव्हते. मी त्यांना आठ दिवस अवधानाचा जमाखर्च मांडावयास सांगितले: पैसा कोठे गेला हे आपण लिहितो, तसे लक्ष कोठे गेले ते लिहावयाचे. आठव्या दिवशी ते वही घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांच्या फोननेच ठेवलेल्या हिशेबाप्रमाणे दररोज सरासरी पाच तास त्या काचेवर खर्ची पडत होते, आणि त्या पाच तासांत काय पाहिले याविषयी वहीत लिहिण्याजोगे त्यांना काही आठवत नव्हते. मुलाच्या नावापुढे दिवसाची अकरा मिनिटे होती. तीही मोटारीत.

हे का घडते, याची शरीरशास्त्रीय बाजू वाचकांनी जाणून घ्यावी, कारण ती न कळल्यामुळे पुष्कळजण स्वतःला दुर्बल समजून व्यर्थ खजील होतात. १९९० च्या दशकात वुल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतील डोपामिन स्रवणाऱ्या पेशींचा अभ्यास केला. फळाच्या रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला की आरंभी त्या पेशी उद्दीपित होत. परंतु रसापूर्वी दिवा लागतो हे माकडास कळू लागताच त्या रसाने नव्हे तर दिव्यानेच उद्दीपित होऊ लागल्या, आणि दिवा लागूनही रस आला नाही तर त्यांचे स्पंदन नेहमीपेक्षा खाली उतरे. तात्पर्य, या रसायनाचा संबंध सुखापेक्षा सुखाच्या चाहुलीशी अधिक आहे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने त्याच्याही पुष्कळ आधी दाखवून दिले होते की, मोबदला दर खेपेस न मिळता केव्हातरी, अनियमितपणे मिळत असेल, तर प्राणी तो मिळवून देणारी कळ सर्वाधिक चिकाटीने दाबीत राहतो. आता आपल्या हातातील फोन पहा. एका रीलमध्ये काही नसते, दुसरीत नसते, सातवीत एखादी चित्तवेधक निघते, आणि आठवीत काय असेल याची चाहूल अंगठ्याला थांबू देत नाही. पुस्तकाला शेवटचे पान असते, नाटकाला पडदा असतो. इथे पान संपतच नाही. ही अखंड सरकणारी रचना २००६ च्या सुमारास घडविणाऱ्या अझा रॅस्किन या अमेरिकी तंत्रज्ञाने पुढे तिच्याविषयी जाहीरपणे खेद व्यक्त केला आहे. तेव्हा ज्या यंत्राची आखणीच आपले लक्ष ताब्यात ठेवण्यासाठी झाली आहे, त्याच्यापुढे केवळ मनोनिग्रहाच्या भरवशावर उभे राहणे हे विषम युद्ध आहे, आणि त्यात हरणाऱ्यास मी दोष देत नाही.

वस्तूंच्या संचयाचेही असेच आहे. शरीर जसे थंडीला सरावते तसे मन सुबत्तेला सरावते. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉटरीची मोठी रक्कम जिंकलेल्या २२ जणांची चौकशी करून १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे भाग्यवंत इतरांहून उल्लेखनीय प्रमाणात अधिक सुखी नव्हतेच. परंतु मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद, मासिकाचे वाचन यांसारख्या नित्याच्या गोष्टींतून मिळणारा आनंद त्यांच्या बाबतीत उलट घटलेला आढळला. अभ्यास लहान होता हे मान्य करूनही मला त्यातील दुसरा भाग फार महत्त्वाचा वाटतो. मोठ्या प्राप्तीची किंमत लहान आनंदांनी चुकती करावी लागते. माझे रुग्ण नव्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून चहा पीत होते, समोर डोंगर होता, आणि त्यांचे डोळे फोनवर होते; जुन्या जागेत त्यांच्या वाट्याला भिंत होती, तरी तिथला चहा त्यांना अजून आठवत होता.

व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी आउश्वित्झसह नाझी छळछावण्यांतून जिवंत परतल्यावर १९४६ मध्ये आपले प्रसिद्ध पुस्तक प्रकाशित केले. सहा दिवस कामाच्या घाईत दबून राहिलेली पोकळी रविवारी घाई थांबताच वर येते, म्हणून तिचा उल्लेख त्यांनी 'रविवारची मनोव्यथा' असा केला. मला आज असे वाटते की आपल्या पिढीचा तो रविवारदेखील हिरावला गेला आहे. रिकामपणाची पहिली कळ उठण्यापूर्वीच हात खिशाकडे जातो. पोटात आंत्रपुच्छ सुजले असता वेदनाशामक गोळ्या घेत राहणारा रुग्ण जसा दुखणे विसरतो पण सूज वाढवीत राहतो, तशी ही अवस्था आहे. कंटाळा ही मनाची उपयुक्त वेदना आहे. तिने आपल्याला उठवून काहीतरी करावयास लावावे अशी निसर्गाची योजना आहे, आणि आपण ती वेदनाच बधिर करून टाकली आहे.

आता उपायांकडे येतो. फोन फेकून द्या असा सल्ला मी देणार नाही; वीजबिलापासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत आणि रोजगारापासून गावाकडच्या आईच्या खुशालीपर्यंत सारे त्यातच आहे. माझा पहिला आग्रह झोपेच्या खोलीविषयी आहे. रात्री डोळ्यांवर पडणारा प्रखर, विशेषतः निळसर प्रकाश मेंदूला दिवस असल्याची वर्दी देतो आणि निद्रेस अनुकूल असे मेलाटोनिन उशिरा स्रवू लागते. त्याहूनही अपाय करते ती त्या प्रकाशामागून येणारी उत्तेजक सामग्री. म्हणून फोन रात्री स्वयंपाकघरात अथवा बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावावा, आणि उठण्यासाठी गजराचे साधे घड्याळ आणावे. तेवढ्या एका बदलाने झोप सुधारल्याचे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. नोटिफिकेशन बंद करावीत; माणसांचे फोन येऊ द्यावेत, यंत्रांचे नकोत. डोळे कोरडे पडणे आणि मान आखडणे या तक्रारी बहुधा याच हिशेबात सुटतात. पापण्या जाणीवपूर्वक मिटाव्यात, दर वीस मिनिटांनी दूरवर पाहावे, फोन डोळ्यांच्या उंचीला धरावा, इतके पुरे. खरेदीबाबतही एक नेम सांगतो: अत्यावश्यक नसलेली वस्तू मनात आली की तिचे नाव वहीत लिहून महिनाभर थांबावे. महिन्यानंतरही ती हवीशी वाटली तर खुशाल घ्यावी.

मुलांच्या बाबतीत मात्र मी सवलत देत नाही. दोन वर्षांखालील बालकाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाहून अधिक दाखवू नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे सांगणे आहे. घास भरविताना समोर फोन धरण्याची वहिवाट घराघरांत पडली आहे, ती मोडलीच पाहिजे. चिऊकाऊचा घास भरविताना मूल आईच्या तोंडाकडे पाहून भाषा शिकत असे, पोट भरल्याची जाणीव त्याची त्याला होत असे. फोन पाहणारे मूल काय आणि किती गिळले हे जाणतच नाही. आईबाप थकलेले असतात, हे मला माहीत आहे. परंतु मूल चार घास कमी जेवले तरी चालेल.

एकट्याने ही सारी पथ्ये पाळणे कठीण जाते, हेही खरे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ पासून जी पद्धत सुरू केली, तिचे महत्त्व मला यासाठी वाटते. रोज सायंकाळी सात वाजता गावात भोंगा वाजतो, घरोघरचे मोबाइल आणि दूरदर्शन संच बंद होतात, आणि साडेआठच्या भोंग्यापर्यंत मुले अभ्यास करतात, माणसे वाचतात, एकमेकांशी बोलतात. आपण एकटेच काही गमावीत आहोत ही रुखरुख तेथे उरत नाही, कारण शेजाऱ्याचाही फोन बंद असतो. शहरातल्या इमारतीला भोंगा नसेल. पण एका कुटुंबाला घड्याळातला एक तास एकमताने राखून ठेवता येणार नाही असे नाही.

आणि त्या रिकाम्या तासाचे करावयाचे काय? पथ्याचा कसोटीचा भाग इथे आहे, कारण पहिले काही दिवस तो तास खायला उठतो. त्या वेळी मी रुग्णांना एवढेच विचारतो की, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी तुमचे मन कशात लागत असे. उत्तर नसलेला मनुष्य मला अजून भेटलेला नाही. कुणी सायकली खोलून पुन्हा जोडीत असे, कुणी विणकाम करी, कुणी वाचनालयातले कपाटच्या कपाट संपवी. आमचे हे गृहस्थ गावच्या भजनात पखवाज वाजवीत. तो पखवाज गावच्या माळ्यावर पडून होता. त्यांनी तो आणविला, नवी शाई भरून घेतली, आणि दर गुरुवारी ते शहरातल्या एका भजनी मंडळात जाऊ लागले. पहिल्या महिन्यात बोटे वळेनात म्हणून ते निराश झाले होते. मी त्यांना थांबावयास सांगितले. अंथरुणावर पडल्याबरोबर तरी झोप कुठे लागते?

सहा महिन्यांनी ते रक्तदाब तपासावयास आले तेव्हा सोबत मुलगा होता. फोन अजूनही दिवसाचे दोन तास खातो, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. कर्ज तेवढेच आहे, फ्लॅट तोच आहे. मुलगा टाळ धरावयास शिकतो आहे.

वाचकांपैकी कुणाची अवस्था या गृहस्थांसारखी असेल, तर त्यांनी आजपासून आठ दिवसांची वही मांडावी. आणि ज्यांचे दुखणे याहून खोल आहे, ज्यांना जगणेच नकोसे वाटते, त्यांनी एकट्याने झुंजत बसू नये. जवळच्या माणसाला सांगावे, वैद्यांना भेटावे, आणि तेही जमत नसेल तर भारत सरकारच्या 'टेली-मानस' सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा निःशुल्क आहे, अहोरात्र चालू असते, आणि तेथे मराठीत बोलता येते.