सरासरीच्या पलीकडे : आफ्रिकेतील दोन देशांची तुलना

एखादी वस्तू किती गरम आहे हे तापमापी सांगतो. पण तिच्यात उष्णता किती साठली आहे, हे तो एकटा सांगू शकत नाही. चमचाभर उकळते पाणी आणि बादलीभर कोमट पाणी घ्या. तापमान चमच्यातल्या पाण्याचे जास्त. पण घागरभर गार पाण्याची थंडी मोडायची झाली, तर कामास येईल ती बादलीच! जी राशी जाणून घ्यायची तिच्यासाठी योग्य माप निवडावे लागते, हा भौतिकशास्त्राचा पहिला धडा. देशादेशांतील राहणीमानाची तुलना करतानाही तो विसरून चालत नाही. आफ्रिकेतील दोन देशांच्या उदाहरणाने हे पाहू या.

दोन देश

रवांडा हा आफ्रिका खंडाच्या मध्यभागी, डोंगराळ प्रदेशात वसलेला देश. त्याला समुद्रकिनारा नाही. क्षेत्रफळ सुमारे २६,३०० चौरस किलोमीटर. २०२२ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १ कोटी ३२ लाख. बहुतेक लोक शेतीवर जगतात. १९९४ मध्ये तेथे सुमारे शंभर दिवसांत लाखो लोकांची हत्या झाली आणि देशाची घडी पार विसकटली.

विषुववृत्तीय गिनी हा पश्चिम किनाऱ्यावरचा देश. त्याचा काही भाग मुख्य भूमीवर आणि काही बेटांवर आहे. क्षेत्रफळ सुमारे २८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ रवांडाएवढेच. लोकसंख्या मात्र वीस लाखांहूनही कमी. १९६८ मध्ये हा देश स्पेनपासून स्वतंत्र झाला. १९९५ नंतर समुद्रातील खनिज तेल निघू लागले आणि देशाचे उत्पन्न झपाट्याने वाढले.

२०११ च्या सुमारास गिनीचे दरडोई उत्पन्न रवांडाच्या वीस पटींहून अधिक होते. तर मग जीवनमानही तितकेच वरचढ असणार, असे कोणालाही वाटेल. पण जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी पाच वर्षांची होण्याआधी किती दगावतात, हे पाहा. २०१० च्या पाहणीत रवांडात हा आकडा ७६ होता. २०११ च्या पाहणीत गिनीत तो शंभराच्या वर होता. श्रीमंत देशात मुले अधिक दगावत होती!

सरासरी फसवते कशी?

एका वाडीत दहा कुटुंबे आहेत. नऊ कुटुंबांना महिना १,००० रुपये मिळतात आणि दहाव्याला ९१,०००. एकूण १,००,००० रुपये. म्हणून सरासरी १०,०००. गणितात चूक नाही. परंतु दहा हजार मिळवणारे एकही कुटुंब वाडीत नाही! उत्पन्ने चढत्या क्रमाने मांडून मधले पद घेतले, म्हणजेच मध्यक काढला, तर तो १,००० येतो. वाडीचे खरे चित्र तो दाखवतो.

आता बालमृत्यूचे माप पाहा. श्रीमंताचे उत्पन्न गरिबाच्या हजारपट असू शकते. पण त्याचे आयुष्य हजारपट असू शकत नाही. हजार मुलांच्या मोजणीत त्याचे मूल एकच धरले जाते. म्हणून मूठभर लोकांच्या सुबत्तेने हा आकडा सुधारत नाही. तो सुधारायचा तर पाणी, अन्न, लस आणि औषध साध्या घरांपर्यंत पोहोचावेच लागते.

पैसा घरापर्यंत कसा पोहोचतो?

समुद्रातून तेल काढायला मोठी यंत्रे लागतात, माणसे थोडीच लागतात. त्यामुळे तेलाचा पैसा मजुरीच्या रूपाने घरोघर जात नाही. तो कंपन्यांकडे आणि सरकारकडे जमा होतो. गिनीत त्यातील बराच भाग रस्ते, इमारती आणि नवी शहरे यांवर खर्च झाला. आरोग्य आणि शिक्षण यांचा वाटा तुटपुंजा राहिला.

रवांडाजवळ पैसा थोडा होता आणि त्यातही परदेशी मदतीचा वाटा मोठा होता. पण तेथे गावोगावी गावकऱ्यांतूनच आरोग्यसेवक निवडले गेले. ताप, न्यूमोनिया आणि अतिसार यांवर साधे उपचार करण्यास त्यांना शिकवले. अल्प वर्गणीचा आरोग्य विमा सुरू झाला. बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच टिकतात. डोंगरातल्या खेड्यापर्यंत ही शीतसाखळी न तुटता नेली, तरच लसीचा उपयोग. रवांडात ९५ टक्क्यांहून अधिक बालकांना घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांची लस पूर्ण मिळते. गिनीत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. २०१६ पासून तर रवांडातील दूरच्या रुग्णालयांना वैमानिकाविना उडणारी छोटी विमाने रक्त पोहोचवतात.

परिणाम आकड्यांत दिसतो. रवांडातील बालमृत्यूचे प्रमाण हजारी १९६ (वर्ष २०००), १५२ (२००५), ७६ (२०१०), ५० (२०१४-१५) आणि ४५ (२०१९-२०) असे उतरत गेले.

गिनीतही जेथे पैसा योग्य कामी लागला तेथे गुण आला. बियोको बेटावर २००४ पासून तेल कंपन्या आणि सरकार यांच्या खर्चाने घरोघर कीटकनाशकाची फवारणी झाली. मुलांमधील मलेरिया बराच घटला. पैसा निरुपयोगी नसतो. तो कोठे जातो हे महत्त्वाचे.

एकच आकडा पुरेसा नाही

म्हणून रवांडा सर्व बाबतींत सरस, असे समजू नका. २०१९-२० मध्येही तेथील पाच वर्षांखालील दर तीन मुलांपैकी एकाची उंची कुपोषणामुळे खुंटलेली होती. साक्षरतेत गिनी पुढे आहे. महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साहाय्याने आखलेला मानव विकास निर्देशांक १९९० पासून संयुक्त राष्ट्रसंघातर्फे प्रसिद्ध होतो. आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तिन्हींचा तो मेळ घालतो. त्यात आजही गिनीचा क्रमांक रवांडाच्या वर लागतो. सरासरी आयुर्मान मात्र रवांडातच तीन-चार वर्षांनी जास्त आहे. गुणपत्रिकेतील एकूण टक्केवारीवरून कोणत्या विषयात गुण कमी पडले हे कळत नाही, तसेच हे आहे. शिवाय निर्भयपणे मत मांडण्याचे स्वातंत्र्य यांतील एकाही मापात येत नाही आणि त्याबाबत दोन्ही देशांविषयी गंभीर तक्रारी आहेत.

तेव्हा यापुढे ‘अमुक देश श्रीमंत’ असे वाचलेत, की तीन प्रश्न विचारा : काय मोजले? सरासरी कोणाची? आणि जे मोजले नाही ते काय?

करून पाहा

१. वर्गातील दहा मुलांची उंची मोजून सरासरी व मध्यक काढा. मग एका मुलाच्या जागी ३०० सेंटिमीटर उंचीचा काल्पनिक राक्षस घ्या. कोणता आकडा अधिक बदलतो?

२. वर दिलेल्या रवांडाच्या पाच आकड्यांचा आलेख काढा. कोणत्या पाच वर्षांत उतार सर्वांत तीव्र आहे? २००० च्या तुलनेत २०१९-२० मध्ये दर हजारी किती अधिक मुले पाचवा वाढदिवस पाहू शकली?